स्कूटर स्टँडवर नको, चाकांवर उभी करून न्या

मे-जून आला की बदल्या होतात, मुलामुलींचे कॉलेजचे प्रवेश होतात, कुणाला पुण्याला नोकरी लागते. घरातलं बाकी सामान खोक्यांत मावतं, स्कूटर तेवढी अंगणात राहते. ती कशी न्यायची, हे विचारणारी पत्रं या महिन्यात इतकी आली की आजचं सदर सगळं त्यांनाच देतो आहे. नवीन वाचकांसाठी सांगतो : मी ३२ वर्षं नागपुरात मालवाहू गाडी चालवली. आधी मॅटाडोर, पुढे छोटा हत्ती. त्यातली निम्मीअधिक वर्षं काम एकच होतं. गोदामातून नव्या स्कूटर उचलायच्या आणि काटोल, सावनेर, उमरेड, रामटेकच्या विक्रेत्यांकडे पोचवायच्या. जे लिहितो आहे ते हाताला माहीत असलेलं आहे.

प्रश्न : माझ्या मुलीला पुण्यात हिंजवडीला नोकरी लागली आहे. तिची २०१९ सालची ॲक्टिव्हा इथेच आहे. आमच्याकडे लहान कार आहे. कारच्या मागे लोखंडी स्टँड लावून त्यावर स्कूटर ठेवता येते, असा व्हिडिओ मुलाने दाखवला. तसं करावं का? की टेम्पो करावा? रेल्वेनेही जाते म्हणतात. खर्चापेक्षा गाडी नीट पोचण्याची काळजी आहे. ती तिच्या बाबांनी घेऊन दिलेली शेवटची वस्तू आहे. (एक वाचक, मानेवाडा)

ताई, तुमचं शेवटचं वाक्य वाचून मी हे पत्र सगळ्यांत वर घेतलं.

कारच्या मागचं स्टँड नको. मुलाला रागावू नका, व्हिडिओत दिसतं ते खोटं नसतं. परदेशात अशी स्टँडं लावतात, पण ज्या गाड्यांना लावतात त्यांच्या चासीलाच तशी जोडणी असते. आपल्या लहान कारच्या बंपरखाली जी कडी बसवता येते, ती गाडी बंद पडली तर ओढून काढण्यापुरती असते. तिच्यावर वजन टांगायचं नसतं. आता हिशेब बघा. स्कूटर १०६ किलो धरा, लोखंडी स्टँड ३४ किलो, एकूण १४०. हे वजन मागच्या चाकांच्या आसापासून साधारण १ मीटर मागे लटकणार. कारच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर साधारण २.४५ मीटर. म्हणजे तराजूसारखं होतं : मागच्या चाकांवर जवळजवळ २०० किलो पडतात आणि पुढची चाकं ५७ किलोंनी हलकी होतात. लहान कारला ओढतात पुढचीच चाकं, वळवतातही तीच, आणि ब्रेकचा मोठा भारही त्यांच्यावरच. ती हलकी झाली की स्टेअरिंग हातात असून नसल्यासारखं होतं. शिवाय स्कूटरची लांबी पावणेदोन मीटरच्या वर. आडवी ठेवली तर बहुतेक लहान कारच्या रुंदीपेक्षा ती जास्तच भरते, चाक बाजूला डोकावतं. नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकले जातात ते वेगळंच.

मुलीने ती चालवत न्यावी, हा विचारही कुणी सुचवेल. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे. शिवमडक्याला रस्ता सुरू होतो तिथेच अडवतील. जुन्या रस्त्याने अमरावती, अकोला करत सातशेच्या वर किलोमीटर मे महिन्याच्या उन्हात एकट्या मुलीने ११० सीसीच्या स्कूटरवर जाऊ नये.

राहिले तीन मार्ग.

रेल्वेचा पार्सल विभाग नागपूर स्टेशनवर आहे. आरसी बुकाची प्रत आणि ओळखपत्र लागतं, पेट्रोलची टाकी पूर्ण रिकामी करून द्यावी लागते, आणि गाडी गोणपाटात, पुठ्ठ्यात बांधून द्यावी लागते. बांधणारे लोक स्टेशनच्या आसपासच मिळतात. आरसे आधीच काढून घरी ठेवा. हेडलाइटवर आणि मागच्या दिव्यावर पुठ्ठ्याचे दोन थर मागा, एक थर म्हणजे नुसता देखावा असतो. पुण्याचा पत्ता आणि गाडीचा नंबर दोन ठिकाणी, पक्क्या शाईने. स्वस्त पडतं. पण फलाटावर हमाल ती ढकलणार, डब्यात तिच्या अंगावर दुसरी पार्सलं रेलणार, उतरवताना घाई असणार. साध्या गाडीला मी हो म्हटलं असतं.

खाजगी बसच्या डिकीत घालून नेतात, तेही तुम्हाला कुणी सांगेल. मला ते पटत नाही. डिकीची उंची कमी असते, म्हणून स्कूटर तिरपी किंवा आडवी करतात. २०१९ ची ॲक्टिव्हा कार्ब्युरेटरची आहे. आडवी झाली की पेट्रोल झिरपतं, इंजिनातलं ऑइल एअर फिल्टरमध्ये उतरतं. आणि वर ३० माणसं झोपलेली असतात. पेट्रोलचा वास सुटलेली डिकी झोपलेल्या माणसांखाली असू नये.

तुमच्यासाठी माझं उत्तर टेम्पो किंवा ट्रक, पण परतीची गाडी बघून. पुण्याहून माल घेऊन आलेल्या गाड्या इथून रिकाम्या जायला नाखूश असतात. वाडीला ट्रान्सपोर्टची दुकानं ओळीने आहेत, तिथे दोन-तीन ठिकाणी विचारा. परतीचं भाडं निम्म्याच्या आसपासही बसू शकतं. घरसामानाबरोबर स्कूटर घ्यायची असेल तर ती सगळ्यांत आधी चढवून पुढच्या भिंतीला लावायला सांगा. नाहीतर कपाटं आधी जातात आणि स्कूटर शेवटी कोपऱ्यात कोंबली जाते.

बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्याची माल घेतल्याची पावती, करून घ्या. त्यावर गाडीचा नंबर, चासी नंबर, मीटरवरचे किलोमीटर आणि आत्ता असलेले ओरखडे लिहून घ्या. बिल्टीवर 'मालकाच्या जोखमीवर' असं बहुतेकदा छापलेलंच असतं. त्याचा अर्थ वाटेत काही झालं तर ते हात वर करतील. म्हणून वाटेचा विमा वेगळा विचारा आणि गाडीचे चारही बाजूंनी फोटो चालकासमोर काढा. फोटो काढताना बघितलं की माणूस पट्टाही जरा जपून ओढतो, हे मी स्वतःच्या बाबतीत सांगतो.

पुण्याला पोचल्यावर एमएच ३१ किंवा ४९ बदलायची गरज नाही, राज्य एकच आहे. फक्त मुलीचा मुक्काम कायमचा तिथे होणार असेल तर पत्ता बदलल्याचं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं.

आता खरी गोष्ट. टेम्पोवाला गाडी चढवून डबल स्टँडवर लावेल आणि दोर गुंडाळेल. तिथे तुम्ही म्हणायचं, 'दादा, स्टँडवर नको.' तो म्हणेल, 'काऊन जी, आमी रोजच नेतो.' तरी ऐकू नका. कारण सांगतो.

१९९६ च्या उन्हाळ्यात मी एक कायनेटिक होंडा उमरेडला नेत होतो. गाडी गावोगाव फिरणाऱ्या एका नर्सबाईंची होती, नागपूरला इंजिनचं काम करून परत चालली होती. मी ती डबल स्टँडवर उभी केली, तोंड पुढे, आणि सुतळीच्या जाड दोराने चारही बाजूंनी आवळली. वाटेत एक बैल आडवा आला, मी ब्रेक मारला. डबल स्टँड गाडी पुढे सरकली की मिटतं, त्याची रचनाच तशी असते. आपण रोज गाडी पुढे ढकलूनच ती स्टँडवरून उतरवतो ना? तेच झालं. गाडी स्टँडवरून उतरली आणि इंचभर खाली बसली. तेवढ्याने सगळे दोर सैल पडले आणि ती डाव्या अंगावर आडवी झाली. हँडल वाकलं, ब्रेकचा दांडा तुटला, पुढचा पत्रा चेपला. सुटा भाग मागवून दुरुस्त करायला ११ दिवस लागले. ते ११ दिवस त्या बाई पायी आणि मिळेल त्या एसटीने फिरल्या. मला एक शब्द बोलल्या नाहीत. त्या दिवसापासून माझ्या हौद्यात एकही गाडी स्टँडवर उभी राहिली नाही.

गाडी तिच्या दोन चाकांवरच उभी करायची. पुढचं चाक हौद्याच्या पुढच्या भिंतीला नीट टेकवायचं, मध्ये जुन्या ट्यूबचा तुकडा. हँडल सरळ, लॉक न करता. लॉक केलं की हँडल एका बाजूला वळतं, दोन्हीकडचा ताण सारखा राहत नाही आणि धक्क्याने लॉकच तुटतं. पूर्वी चेतक गिअरमध्ये टाकली की जागची हलत नसे. आजच्या बिनगिअरच्या स्कूटरला इंजिन बंद झालं की चाक मोकळंच असतं. म्हणून डाव्या ब्रेकला जी खटकी असते ती लावायची. नसेल तर ब्रेकचा दांडा दाबून त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी चार वेढे गुंडाळायची.

मग पट्टे. सुतळी, नायलॉनचा दोर, दोन्ही ताणले जातात. तासाभराने त्यांच्यात बोट शिरतं. मालवाहू पट्टे मिळतात ना, खटक्याने आवळायचे, ते चार घ्या. पुढचे दोन हँडलच्या मधल्या मानेपासून दोन्ही बाजूंना, खाली आणि पुढे. मुठीला बांधायचं नाही, मूठ फिरते. प्लॅस्टिकमुळे मानेला जागा मिळत नसेल तर पुढच्या चाकाच्या वर, शॉकअप जिथे जोडलेला असतो तिथून घ्या. दोन्ही पट्टे आळीपाळीने थोडे थोडे आवळा, पुढचे शॉकअप निम्म्याने दबेपर्यंत. निम्मेच. पूर्ण दाबून बारा तास ठेवले तर ऑइल सील फुटतं. शॉकअप निम्मा दबलेला असला की स्प्रिंग सतत वर ढकलत राहते आणि पट्टा सतत ताठ राहतो. खड्डा आला तर गाडी दोन बोटं खाली-वर होईल, पण सुटणार नाही. मागचे दोन पट्टे मागच्या पकडायच्या दांडीपासून खाली आणि मागे. पाचवा हवा असेल तर पायदानावर जुनी गोधडी घडी करून त्यावरून आडवा टाका, त्याखाली चासीचा पाइप असतो, तो धरून ठेवतो. जिथे पट्टा प्लॅस्टिकला किंवा रंगाला लागतो तिथे मधे मऊ कापड.

पहिल्या १५-२० किलोमीटरला थांबून पट्टे हाताने बघायचे. नंतर प्रत्येक चहाला. चालकाला हे सांगा, आणि एवढ्यासाठी चहाचे पैसे वरून द्या. त्याला तेवढं लक्षात राहतं.

प्रश्न : हिंगणा रोडला माझं गॅरेज आहे. बंद पडलेल्या स्कूटर घरून उचलून आणायला जुना छोटा हत्ती घेतला आहे. एका फेरीत तीन बसवल्या तर परवडतं. बसतात का? आणि मी एकटाच असतो, चढवायची सोपी पद्धत सांगा. (एक तरुण वाचक, हिंगणा रोड)

भाऊ, वजनाने तीन बसतात, जागेने दोन. हौदा २२०० मिलिमीटर लांब, १४९० रुंद. ॲक्टिव्हाची रुंदी ६९७. दोन शेजारी लावल्या तर १३९४ झाले, उरले जेमतेम १० सेंटिमीटर. म्हणून दोघींची तोंडं एका दिशेला करू नका. एकीचं पुढे, एकीचं मागे, म्हणजे हँडलला हँडल लागत नाही. जिचं तोंड मागे आहे तिचं मागचं चाक पुढच्या भिंतीला टेकवा. तिसरी तिरपी कोंबली तर मागचा डाला, ज्याला पुण्याकडे फाळका म्हणतात, तो लागत नाही आणि चाक बाहेर राहतं. माल हौद्याबाहेर आला तर २०१९ च्या सुधारणेनंतर दंड २०,००० रुपये आहे, वर माल उतरवायचा खर्चही तुमच्याच अंगावर. तिसऱ्या स्कूटरचे किती मिळणार होते?

चढवण्याबद्दल. तुझ्या हौद्याची उंची जमिनीपासून अडीच फूट धरू. ५ फुटांची फळी लावलीस तर चढ ३० अंशांचा होतो आणि गाडीचं अर्धं वजन, ५३ किलो, तुझ्या हातांवर येतं. फळी ८ फुटांची केलीस तर ३३ किलो. १० फुटांची केलीस तर साडेसव्वीस. फळीचा एक-एक फूट पाठीचं दुखणं वाचवतो. आणि फळी लांब असली की वरच्या काठावर गाडीचं पोट टेकत नाही. ॲक्टिव्हाचं पोट जमिनीपासून १७१ मिलिमीटरवर असतं. आखूड फळीवरून पुढचं चाक हौद्यात गेलं, मागचं अजून फळीवर आहे, त्या क्षणी स्टँडचा पाइप काठावर बसतो आणि गाडी मधेच अडकते. एकटा माणूस तिथेच फसतो : पुढे जात नाही, मागे सोडता येत नाही.

उंची कमी करायची जुनी युक्ती सांगतो. ज्या घराला फाटकासमोर रस्त्याकडे उतार केलेला आहे, तिथे टेम्पो रस्त्यावर आडवा न लावता पाठ फाटकाकडे करून लाव. फळीचं खालचं टोक उताराच्या वरच्या अंगाला, फाटकाजवळ टेकव. अडीच फुटांचे सव्वा-दीड फूट होतात. नागपुरात निम्म्या घरांना असा उतार आहे. कॉलनीतल्या मोकळ्या प्लॉटचा बांधही चालतो.

फळी दोन इंच जाड, किमान नऊ इंच रुंद. बाजारातली ॲल्युमिनियमची घडीची मिळाली तर उत्तम. पण कोणतीही असो, ती हौद्याच्या कडीला पट्ट्याने बांध. मागचं चाक वर चढताना फळीला मागे ढकलतं. बांधलेली नसेल तर ती निसटते आणि गाडीसकट माणूस खाली येतो. शेजारी दुसरी फळी लाव, ती तुझ्या पायांसाठी. एका फळीवर गाडी आणि जमिनीवर माणूस, असं केलंस तर शेवटच्या दोन फुटांत हात खांद्याच्या वर जातात आणि जोर संपतो.

इंजिन चालू करून ॲक्सिलरेटरवर चढवतात, ते मी बघितलंय, मी ते कधी केलं नाही. ॲक्सिलरेटर जरा जास्त फिरला की गाडी केबिनच्या मागच्या काचेत जाते. बंद पडलेल्या गाडीला तर तो प्रश्नच नाही. डाव्या बाजूने उभा राहा, डावा हात ब्रेकवर. ढकलायला दुसरा माणूस ग्राहकाच्या घरातून मागून घे, लाजू नको. उतरवताना गाडी मागे सरकत खाली येते, तेव्हा तिचं सगळं वजन मागच्या चाकावर असतं. म्हणून मागचा ब्रेक धर, डावा. फक्त पुढचा दाबलास तर हलकं झालेलं पुढचं चाक फळीवर घासत येतं आणि गाडी थांबत नाही.

एकट्याने रोज करायचं असेल तर हौद्याच्या पुढच्या भिंतीला हाताने फिरवायचा ओढकप्पा बसवून घे. खटक्याचा असतो, सोडला तरी मागे येत नाही. पट्टा गाडीच्या मानेला, एक हात कप्प्यावर, एक हात हँडलवर. हळू होतं, पण पस्तिशीत कंबर जात नाही.

प्रश्न : माझ्या इलेक्ट्रिक स्कूटरला मे महिन्यात टेम्पोतून अमरावतीला न्यायचं आहे. बॅटरीची भीती वाटते. (एक वाचक, खामला)

पहाटे चारला निघा, दहाच्या आत पोचा. नागपुरात मेमध्ये ४५ अंश होतात, ताडपत्रीखाली त्याहून जास्त. बॅटरी काढता येणारी असेल तर ती काढून चालकाच्या केबिनमध्ये पायांशी ठेवा. नसेल तर चार्ज निम्म्यावर ठेवा, पूर्ण भरू नका, आणि पोचल्याबरोबर चार्जिंगला लावू नका, तासभर सावलीत निवू द्या. ताडपत्री घट्ट आवळू नका, बाजूने वारा खेळू द्या. गाडी पेट्रोलवाल्यापेक्षा जड असू शकते, चढवायला एक माणूस जास्तीचा ठेवा. बांधायची रीत वर सांगितली तीच.

प्रश्न : आमच्या जीपला मागे दोन चाकांचा ट्रेलर जोडून दोन स्कूटर शेतावर न्यायचा विचार आहे. गावातला वेल्डर बनवून देतो म्हणतो. (एक वाचक, कळमेश्वर)

वेल्डर हुशार असेल, पण कायद्याने ट्रेलर हेसुद्धा मोटार वाहन आहे. त्याची आरटीओत वेगळी नोंदणी लागते, त्याला स्वतःचा नंबर लागतो, मागे दिवे लागतात. नोंदणी नसलेला ट्रेलर कुणाला धडकला तर विमा कंपनी उभी करणार नाही. शेताच्या बांधापुरतं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकून न्या, तेवढ्याला पुरे.

नोंदणी झालेला ट्रेलर मिळालाच तर एक गोष्ट घरी येऊन सांगावी इतकी महत्त्वाची आहे. स्कूटरचं इंजिन मागच्या चाकापाशी असतं, ती मागे जड असते. दोन्ही स्कूटर मागे तोंड करून लावल्या तर जड भाग पुढे येतो, पुढे तोंड केल्या तर जड भाग ट्रेलरच्या शेपटीला जातो. शेपटी जड झाली की वेग वाढताच ट्रेलर डावी-उजवीकडे झुलायला लागतो, आणि झुलायला लागला की जीपलाही ओढून नेतो. ट्रेलर भरल्यावर त्याच्या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा जीपच्या जोडावर खाली दाबायला हवा. जोडाखाली वजनकाटा लावून मोजा, अंदाजाने नको.

प्रश्न : मी दोन्ही पायांनी अपंग आहे. माझ्या स्कूटरला मागे दोन जास्तीची चाकं लावलेली आहेत. पावसाळ्याआधी भावाकडे चंद्रपूरला राहायला जाणार आहे. दोन टेम्पोवाल्यांनी नाही म्हटलं, 'ही गाडी बसत नाही' असं सांगून. (एक वाचक, इंदोरा)

बसते. त्यांना चढवता येत नाही, एवढंच खरं.

तुमच्या गाडीला तीन रेषांत चाकं आहेत, त्यामुळे एक फळी पुरत नाही आणि दोन फळ्यांत मधलं चाक खाली जातं. तुम्हाला पूर्ण रुंदीचा चढ लागतो. उपाय दोन. लहान टेम्पोऐवजी पिकअप घ्या आणि चालकाला आठ फुटांचे, दीड इंच जाडीचे प्लायवुडचे सलग पाट आणायला सांगा. खालून मधे विटांचा टेकू द्यायचा, नाहीतर पाट वाकतो. दुसरा उपाय, आणि मला तोच बरा वाटतो : कोणत्याही गोदामाचा माल चढवायचा ओटा. वाडीला, कापसीला ट्रान्सपोर्टच्या गोदामांना हौद्याच्या उंचीचे ओटे असतात आणि मागून हातगाडीसाठी उतार असतो. सकाळी लवकर, माल यायच्या आधी, विनंती केली तर कुणी नाही म्हणत नाही. गाडी उतारावरून ओट्यावर, ओट्यावरून सरळ हौद्यात. एक माणूस पुरतो. चंद्रपूरला उतरवायलाही तसाच ओटा आधी शोधून ठेवायला भावाला सांगा, हे विसरू नका.

तुमची गाडी बाजूला कलत नाही, म्हणून टेम्पोवाले ती बांधतच नाहीत. बांधायलाच हवी. जास्तीच्या चाकांमुळे ती आडवी होणार नाही, पण पुढे-मागे घरंगळेल. चाकांच्या पुढे आणि मागे लाकडी ठोकळे, ब्रेक बांधलेला, आणि पट्टे चासीला. मागच्या जास्तीच्या चाकांच्या दांडीला पट्टा लावू देऊ नका. ती दांडी नंतर जोडलेली असते, ओढ तिच्यावर आली तर तिचे बोल्ट सैल होतात आणि हे तुम्हाला चालवताना कळेल. पोचल्यावर बसण्याआधी ते बोल्ट पान्याने तपासून घ्या.

आणि गाडी ज्या वाहनातून जाईल त्याच वाहनात, केबिनमध्ये, तुम्हीही जा. गाडी आज आणि तुम्ही परवा, असं झालं तर दोन दिवस तुमचे पाय तुमच्याजवळ नाहीत.

प्रश्न : रामटेकला माझी १९८४ ची चेतक गेली बारा वर्षं पडवीत उभी आहे. शाळेत याच गाडीवर गेलो. नागपूरला एक कारागीर ती सुरू करून देतो म्हणतो. पुतण्या म्हणतो मोटरसायकलला दोर लावून टोचन करून नेऊ, पन्नास किलोमीटर तर आहे. (एक निवृत्त शिक्षक, रामटेक)

गुरुजी, पुतण्याला नाही म्हणा. चारचाकी टोचन करून नेतात, ती स्वतः उभी राहते. दोन चाकांची गाडी दोराने ओढली की दोर एकदा सैल पडतो, एकदा झटका देतो, आणि त्या झटक्याला हँडल वळतं. शिवाय बारा वर्षं उभी असलेल्या गाडीचे ब्रेक लागतील याचा भरवसा कुणी द्यायचा?

छोटा हत्ती करा. पण आधी घरी दोन दिवस काम आहे. टायरमध्ये हवा भरा. जुन्या ट्यूब हवा धरत नसतील तर स्वस्तातल्या नव्या टाका, कारण बसलेल्या टायरवर गाडी फळीवर चढत नाही. मागचं चाक फिरतं का बघा. ब्रेकच्या पट्ट्या ड्रमला चिकटल्या असतील तर मागे-पुढे हलवून सोडवा, हातोडी मारू नका. टाकीतलं बारा वर्षांचं पेट्रोल काढून टाका, ते आता नासलेलं आहे.

चेतकचं इंजिन उजव्या बाजूला असतं. ती सरळ उभी दिसते, पण धरली की उजवीकडे झुकते. चढवताना एक माणूस उजवीकडे हवाच, आणि बांधताना डावीकडचा पट्टा आधी आवळायचा. चेतकचं अंग पत्र्याचं आहे, पट्टा त्यावरून गेला तर चेप येतो. पायदानावरून आडवा पट्टा हाच तिच्यासाठी खरा. बाजूची फुगीर झाकणं दोन्ही काढून, जुन्या चादरीत गुंडाळून केबिनमध्ये घ्या. आजकाल ती मूळची मिळत नाहीत. गिअर मोकळा असेल तर पहिला टाकून ठेवा.

रविवारी गडावर दर्शनाला गर्दी असते, मनसरपर्यंत गाड्या हळू सरकतात. मंगळवारी सकाळी सहाला काढा. आणि आरसी बुक सापडलं का ते आधी बघा. शिक्षकांच्या घरी ते बहुधा जुन्या हजेरीपटांच्या गठ्ठ्यात असतं.